जयवंताच्या ढगाचा ताळा

मुलुंडच्या पूर्वेला, वस्ती विरळ होत होत जिथे खाजणाला टेकते आणि मिठागरांचे बांध सुरू होतात, तिथल्या अगदी कडेच्या बैठ्या चाळीत जयवंत काशीराम पेडणेकर राहत असे. छप्पन-सत्तावन्न सालची गोष्ट. चाळीत जयवंताची ख्याती होती ती एक मोठा देवभक्त म्हणून. दर रविवारी दुपारी जेवणं उरकून चाळ आडवी झाली, की त्याच्या खोलीतून घंटी ऐकू यायची. टिंग. मग थोडी खरखर, की पुन्हा टिंग. शेजारच्या शेवंतीकाकू पडल्या पडल्याच हात जोडायच्या आणि कुशीवर वळायच्या.

"चार-चार तास पूजा करतो गं पोरगा," त्या नळावर सगळ्यांना सांगत. "नाहीतर आमचे भटजी. अगरबत्ती अर्धी जळायच्या आत चपला शोधायला लागतात."

खरं तर जयवंत देवळात गेलाच तर प्रसादाला खोबरं असतं म्हणून जायचा. घंटी होती ती एका आकडेमोडीच्या यंत्राची. काळंकुळकुळीत, लोखंडी, शिवणयंत्राचा धाकटा भाऊ शोभेल असं ते यंत्र शहरातल्या विज्ञानसंस्थेनं त्याला वापरायला दिलं होतं. उजव्या हाताला एक दांडा. तो पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. भागाकार करायचा तर वजा करत सुटायचं, आणि एखादा फेरा जास्त झाला की यंत्र स्वतःच घंटी वाजवून ओरडायचं. मग एक फेरा परत द्यायचा, वरचा डबा एक घर सरकवायचा, की चालू. म्हणजे उत्तरातल्या प्रत्येक आकड्यामागे एक घंटी. जयवंतानं काकूंना हे एकदा नीट समजावून सांगितलं होतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असू दे बाबा. ज्याची त्याची रीत."

जयवंत एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता. म्हणजे प्रोफेसर शिकवणार, आणि पोरांनी फोडलेल्या काचेच्या नळ्या हा मोजणार. माणूस उंच, किडकिडीत, आणि नजर अशी, की समोरच्याला वाटावं आपल्यामागे कुणीतरी उभं आहे. दूध आणायला म्हणून निघायचा आणि रिकामा लोटा घेऊन बांधावर फिरून यायचा. एकदा तर भरलेला लोटा भलत्याच घरात ठेवून आला, आणि त्या घरच्यांनी तो मुकाट्यानं ठेवून घेतला. देवभक्ताचा प्रसाद कोण परत करतो?

या माणसाला लागलेलं वेड मिठाचं होतं.

मिठाच्या कणात सोडियमनं आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला देऊन टाकलेला असतो. क्लोरिनजवळ मग होतात अठरा. हे अठरा जण अणूभोवती ढगासारखे पसरलेले असतात. कुठे दाट, कुठे विरळ. हा ढग नेमका कुठवर जातो, कुठे किती दाट आहे, ते आकड्यांत काढायचं. बस, एवढंच त्याला हवं होतं. प्रयोगशाळेत नाही, तराजूवर नाही. कागदावर, निव्वळ गणितानं. याच विषयावर त्यानं डॉक्टरेटसाठी नाव नोंदवलं होतं.

त्याचे वडील काशीराम पूर्वी परळच्या गिरणीत कापड विणणारे साचेवाले होते आणि आता इथल्याच मिठागरावर मुकादम होते. एकदा पायाला लागलेला चिखल दाराशी धूत त्यांनी विचारलं, "दिसभर काय रे फिरवतंस तां?"

"मीठ," जयवंत म्हणाला.

"मीठ आमी रोज व्हावतो. तेच्यात फिरवूचा काय आसा?"

जयवंतानं दांडा सोडला. "बाबा, समजा एका खोलीत अठरा माणसं झोपलीत. कोण कुठे झोपणार, ते बाकीचे सतरा कुठे झोपलेत त्यावर. आणि त्या सतरांतल्या प्रत्येकाचंही तसंच. तर प्रत्येकाची जागा कशी सांगायची?"

काशीराम पाय पुसता पुसता थांबले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आमच्या परळच्या गाळ्यात अठराच होते मां! एकान कूस बदलली की सगळ्यांका बदलूची लागा."

"तेच. आणि अठरावा?"

"अठरावो उंबऱ्यार. गर्दी वाडली की भायर, थंडी वाजली की भितूर. तो मीच!"

त्या दिवसापासून मुलाच्या संशोधनाविषयी काशीरामांच्या मनात कसलीही शंका उरली नाही. मिठागरावर ते सांगत, आमचा झील गाळ्यातल्या माणसांची व्यवस्था लावतोय.

व्यवस्था लावायची रीत अशी होती. सुरुवातीला ढग कसा असेल याचा एक अंदाज करायचा. तो अंदाज खरा धरून अणूच्या केंद्राची ओढ कुठे किती ते काढायचं. त्या ओढीवरून नवा ढग काढायचा. घातलेला ढग आणि निघालेला ढग एकच आले, तर ताळा जमला, ढग सापडला. नाही जमला तर निघालेला ढग घालायचा आणि पहिल्यापासून पुन्हा. एका फेरीला साठ ओळींचा तक्ता, ओळीगणिक तीन-चार भागाकार, आणि एकूण दहा-बारा दिवस. वहीच्या डाव्या पानावर 'घातलेलं', उजव्या पानावर 'निघालेलं'.

पहिल्या काही फेऱ्या त्यानं एकट्यानं केल्या. मग पंचावन्नच्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. बायको देवगडकडची, मॅट्रिक झालेली, नाव सुगंधा. अंतरपाट धरलेला असताना नवरदेवाचे ओठ हलत होते. सुगंधाच्या मामांना वाटलं, मुलगा मनातल्या मनात मंत्र म्हणतोय, संस्कारी दिसतो. सुगंधाला मात्र अंतरपाटाच्या कडेनं स्पष्ट ऐकू आलं होतं: "...हातचा दोन."

"तुम्ही मला पहिल्यांदा बघितलंत तरी कधी?" ती पुढे विचारायची.

"अंतरपाट दूर झाला तेव्हा."

"खोटं. तेव्हा तुमचा हातचा राहिला होता. मला दिसलं ना तुमच्या तोंडावर!"

सहा महिने तिनं त्या यंत्राचा सवतीसारखा राग केला. मग एका दुपारी जयवंत कॉलेजात गेलेला असताना तिनं सहज म्हणून दांडा फिरवून पाहिला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिनं कालच्या पानावरच्या तीन ओळींखाली पेन्सिलीनं बारीक रेघ ओढून ठेवली होती.

"हे काय?"

"चुकलंय तुमचं. दोन ठिकाणी. तिसऱ्या ठिकाणी तुमची अक्षरंच अशी आहेत, की तुम्हांला तरी वाचता येतात का ते सांगा."

जयवंतानं पुन्हा करून पाहिलं. चुकलं होतं, तिन्ही ठिकाणी. तेव्हापासून घराचा नियम ठरला. तो रविवारी करणार, ती आठवड्याच्या बाकीच्या दुपारी करणार. एकमेकांच्या वह्या बघायच्या नाहीत. फेरी संपली की पाठीला पाठ लावून बसायचं, एकानं एकेक आकडा सुटा सुटा वाचायचा आणि दुसऱ्यानं 'हो' म्हणायचं. 'हो' आलं नाही की दोघांनी पुन्हा दांड्याकडे. आता रोजच घंटी वाजायला लागली, तेव्हा शेवंतीकाकू म्हणाल्या, बघा, सूनही त्याच वळणाची मिळाली.

रविवारच्या त्या दुपारी जयवंताच्या सगळ्यात सुखाच्या. बाहेर ऊन इतकं, की मिठागरांकडे बघवत नसे. नुसता पांढरा उजेड, त्यात राशी कुठल्या आणि आकाश कुठलं ते कळू नये. दांड्याची खरखर एका लयीत चालायची. पन्नासेक फेऱ्यांनंतर हात त्याचा राहत नसे. डोळे उघडेच असत, पण तो आत शिरलेला असे. त्या ढगाला दार नव्हतं. धुक्यात चालत जाताना धुकं कुठे सुरू झालं ते जसं सांगता येत नाही, तसं. आधी अगदी विरळ, कपाळाला नुसता गारवा लागल्यासारखं. मग पाऊल हळूहळू जड व्हायचं, उजेड घट्ट व्हायचा. एक दाट थर, मग एकदम मोकळं, मग पुन्हा दाट. आणि खूप आत, जिथे जायला त्याला कधी जमलं नाही, तिथून कुणीतरी शांतपणे सगळ्यांना धरून ठेवलेलं. तिथून परत यायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. घंटी व्हायची, तो एक फेरा परत द्यायचा, आणि समोर सुगंधा ताक घेऊन उभी असायची.

"कुठवर जाऊन आलात?"

"विसाव्या ओळीपर्यंत."

"मिशी पुसा. ढग लागलाय."

सगळं ठीक चाललं होतं. फक्त ताळा जमत नव्हता.

एका फेरीत ढग फुगून यायचा. ढग बाहेर पसरला की आतल्या ओढीला आडोसा कमी, म्हणून पुढच्या फेरीत ओढ जास्त आणि ढग आवळून यायचा. आवळला की आडोसा वाढला, ओढ कमी झाली, की पुन्हा फुगला. फूग, आवळ, फूग, आवळ. बारा फेऱ्या झाल्या, तेरा झाल्या. अठरावा काही केल्या एका जागी झोपेना.

छप्पनच्या दिवाळीनंतर त्याचे मार्गदर्शक देवस्थळी सर यांनी त्याला संस्थेत बोलावलं. सर बोलायला तुटक, आणि चष्म्यावरून बघायचे.

"पेडणेकर, अडीच वर्षं होत आली. यंत्र एकच आहे आणि माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला, नंदकुमारलाही ते हवंय. शिमग्यापर्यंत तुमचा ताळा जमला तर उत्तम. नाही जमला तर यंत्र त्याच्याकडे जाईल, आणि तुम्ही विषय बदला."

"कोणता घेऊ सर?"

"काजूच्या टरफलाचं तेल. तुमच्याच मुलखातलं आहे."

जयवंत घरी आला तो काळवंडून. टरफलाच्या तेलाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. लहानपणी ते बोटांना लागून कातडं सोलवटलेलं त्याला आठवत होतं, तेवढा परिचय पुरे होता. पण मग तो ढग? तो तसाच कुठेतरी फुगत-आवळत राहणार, आणि तिथे जायला कुणी नसणार. यंत्र गेलं की वाटच बंद.

तेव्हा त्याला एक युक्ती मिळाली. चाळीत पुढे अशी कथा पसरली, की सुगंधाला दुधात जुन्या दह्याचं विरजण कालवताना बघून जयवंताला साक्षात्कार झाला. कथा गोड आहे, पण खोटी. युक्ती एका परदेशी पुस्तकाच्या तळटीपेत छापलेली होती, आणि ती तळटीप वाचायला जयवंताला दीड वर्ष लागलं होतं. युक्ती अशी: निघालेला ढग सगळाच्या सगळा पुढच्या फेरीत घालायचा नाही. अर्धा जुना ठेवायचा, अर्धा नवा मिसळायचा. म्हणजे उडी मोठी पडत नाही.

अर्ध्यानं उड्या लहान झाल्या, पण थांबल्या नाहीत. मग त्यानं नव्याचा हिस्सा पाव केला. पौषात पाव, माघात आठवा. वहीत त्यानं तिसरा रकाना आखला, 'मिसळलेलं', आणि दिवस थोडे म्हणून प्रत्येक फेरीनंतर मिसळलेल्याची तुलना आदल्या मिसळलेल्याशी करायला लागला. आकडे जवळ यायला लागले. विसावी फेरी, एकविसावी, बाविसावी. शिमग्याला दहा दिवस असताना तेविसावी फेरी संपली, आणि दोन मिसळलेल्या ढगांत कुठेही तिसऱ्या दशांशस्थळी दोनापेक्षा जास्त फरक राहिला नाही.

जयवंतानं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "सुगंधा, झोपला."

"कोण?"

"अठरावा."

गुरुवारी तो वही घेऊन सरांकडे गेला. सरांनी शेवटचे दोन रकाने बोट ठेवून ठेवून वाचले, आणि शिपायाला चहा सांगितला. सरांनी आजवर कुणाला चहा सांगितल्याचं ऐकिवात नव्हतं. "सोमवारी स्वच्छ प्रत आणून द्या. मी मासिकाकडे पाठवतो." यंत्राचं नावही निघालं नाही. काशीरामांनी मिठागरावर आणि चाळीत पेढे वाटले. शेवंतीकाकूंनी पेढा कपाळाला लावला आणि सगळीकडे सांगितलं, की जयवंताच्या व्रताचं उद्यापन झालं.

रविवारी दुपारी दोघं स्वच्छ प्रत करायला बसली. या वेळी पाठीला पाठ नव्हती. सुगंधा वही धरून वाचत होती आणि जयवंत सुंदर अक्षरात लिहीत होता. त्याला सुंदर अक्षर येतं हे तिला त्या दिवशी कळलं. सतराव्या ओळीवर ती थांबली.

"अहो."

"हं. पुढे."

"इथे घातलेलं सहा-एक-चार. मिसळून झालं सहा-एक-सहा."

"बरोबर. दोनाचा फरक. पुढे."

"पण निघालं होतं सहा-तीन-शून्य."

"असेल. ते सोड. मिसळलेलं लिहायचंय."

सुगंधानं वही मांडीवर ठेवली. "ताळा म्हणजे घातलेलं आणि निघालेलं एक यायला हवं, असं तुम्हीच मला शिकवलंत ना? मग हे कुठे एक आहे? सोळाचा फरक आहे."

"अगं, आपण आता आठवा हिस्साच घेतो नव्याचा. तो फरक..."

"तेच म्हणतेय मी. आठवा हिस्साच घेतला, तर फरकही आठवा हिस्साच दिसणार. सोळाचा आठवा हिस्सा दोन." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "मिरची चिमूटभरच घातली म्हणून वरण तिखट झालं नाही. त्यावरून मिरची गोड होती म्हणाल का?"

जयवंताच्या टाकाची शाई कागदावर एका जागी पसरायला लागली. तो टाक उचलायचं विसरला होता.

मग तो बोलू नये ते बोलला. "मॅट्रिकच्या गणितानं हे कळत नाही. सरांनी बघितलंय. तुला काय कळतंय त्यातलं?"

सुगंधा उठली. वही तिनं मिटली नाही. सतराव्या ओळीवर उघडीच त्याच्या पुढ्यात ठेवली आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडत होती, हे जयवंताला तिथूनही दिसत होतं.

तो बांधावर गेला. सूर्य येऊरच्या डोंगराकडे कलला होता आणि आगरांतलं पाणी तांबूस झालं होतं. मीठ धरत होतं. पाण्यावर साय यावी तसा एक पापुद्रा, वारा आला की सुरकुतणारा. जयवंत चालत राहिला. तिचं बरोबर होतं. हे त्याला बसल्या जागीच कळलं होतं; चालायला आला होता तो ते न कळल्यासारखं करता येतंय का ते बघायला. ढग स्थिर झाला नव्हता. यानंच पाऊल इतकं बारीक केलं होतं, की चालतोय हेच कळू नये. दिवस संपत आले तसा हिस्सा कमी केला: अर्धा, पाव, आठवा. आणखी महिना मिळाला असता तर सोळावा केला असता, आणि फरक एकावर आणून आणखी मोठे पेढे वाटले असते.

आणि हे कुणाला कळणार होतं? तेवीस फेऱ्या. अडीच वर्षं. हा हिशेब पुन्हा करून बघायला या देशात कोण मोकळं होतं? सरांनी चहा सांगितला होता. मासिकात नाव छापून आलं असतं, यंत्र राहिलं असतं, रविवार राहिले असते. त्या विचारानंच त्याला क्षणभर आत गेल्यासारखं वाटलं: तो गारवा, तो घट्ट होत जाणारा उजेड. पण या खेपेला आत शिरताना पाऊल जड होईना. कुठेच काही दाट लागेना. सहा-एक-सहाला ढग नव्हताच. तिथे त्यानंच तो आणून ठेवला होता. नसलेल्या जागी किती रविवार जाऊन बसणार?

परत आला तेव्हा दिवे लागले होते. सुगंधानं ताट वाढलं. तो जेवला, हात धुतले, आणि म्हणाला, "तांदूळ शिजतात तरी का आता? किती वेळा निवडलेस?"

"तीनदा. एकदाही ताळा जमला नाही."

"उद्या सरांना सांगतो."

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाली, "चहा मिळणार नाही हां."

सोमवारी जयवंत सरांसमोर उभा राहिला. स्वच्छ प्रत नव्हती, जुनीच वही होती. त्यानं सतरावी ओळ दाखवली. सर चष्म्यावरून बघायचे ते या वेळी चष्म्यातून बघायला लागले. वरचा पंखा कुरकुरत होता.

"हे कुणाच्या लक्षात आलं?"

"घरातून."

"घरातून म्हणजे?"

"मिसेस."

"शिकलेल्या आहेत?"

"मॅट्रिक."

"हं," सर म्हणाले. "मी गुरुवारी ही ओळ वाचली आणि चहा सांगितला. आपण दोघे जरा जास्तच शिकलोय, पेडणेकर."

सरांनी वही मिटली. "बुधवारी नंदकुमार यंत्र घ्यायला येईल. ठरलं ते ठरलं."

"हो सर."

तो दारापर्यंत गेला तेव्हा सरांनी विचारलं, "बाकीच्या फेऱ्या आहेत तुमच्याकडे? की फाडून टाकल्यात?"

"आहेत. तेवीसच्या तेवीस. आधीच्या वह्यांत."

"घातलेलं, निघालेलं, दोन्ही?"

"दोन्ही."

सर उठून खिडकीशी गेले. "लोक छापतात ती शेवटची फेरी. बाकीच्या रद्दीत जातात. ढग जमलेला आज ना उद्या कुणीतरी काढील. बाहेर आता विजेवरची यंत्रं आलीत, तुमच्या दहा दिवसांचं काम ती दुपारच्या जेवणाआधी संपवतील. पण तीही असल्याच उड्या मारणार. किती मिसळलं तर किती हलतं, कधी उड्या पडतात, आणि कधी आपण स्वतःला फसवतो, हे तेवीस फेऱ्यांत मांडलेलं मी तरी कुठे पाहिलेलं नाही. ते मांडा. त्याला यंत्र लागत नाही, वजाबाकी येत असली की झालं."

"त्याचा प्रबंध होईल, सर?"

"मला माहीत नाही. समितीपुढे भांडावं लागेल." सर वळले. "न झाला तर काजू आहेच."

बुधवारी सकाळी नंदकुमार दोन हमाल घेऊन आला. यंत्र गोणपाटात गुंडाळून बाहेर निघालं तेव्हा शेवंतीकाकू दारात उभ्या राहिल्या. विसर्जनाला इतकी कमी माणसं त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी जयवंताच्या पाठीवरून हात फिरवला. जयवंतानंही या वेळी काही समजावून सांगितलं नाही. कोपऱ्यातल्या चौरंगावर धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता, त्याच्याकडे बघत तो थोडा वेळ बसला. डोळे मिटून पाहिले. आत जाता येईना. नुसताच उकाडा होता, आणि बाहेर कुणीतरी बांधावरून हाक मारत होतं.

सुगंधानं ट्रंकेच्या तळातून पहिली वही काढली, झटकली, आणि त्याच्यासमोर बसली. चौपन्नच्या गणपतीत लिहिलेली ती वही. तिनं डावं पान आणि उजवं पान शेजारी धरलं.

"पहिली ओळ. घातलेलं तीन-शून्य-दोन. निघालेलं आठ-एक-पाच." तिनं वहीवरून डोळे वर केले. "अगंबाई! केवढा हा फरक! लाज नाही वाटली तुम्हांला?"

"तेव्हा विचारायला तू नव्हतीस."

"मग किती लिहू?"

"पाच-एक-तीन," जयवंत म्हणाला. "लिही. जेवढा आहे तेवढा लिही." आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून तो तिच्या बाजूला सरकला.